वर्तणूक: ताठ

लग्नात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत कोणीतरी बाई येऊन विचारतेच, ताई, या वयात तुमची पाठ अशी सरळ कशी, योगा करता का? मी हो म्हणून टाकते. एवढ्या लोकांत खरं कुठं सांगत बसू. खरं असं की मला पाठ सरळ करायला एका माणसाचा राग पुरला, आणि तो राग मी इतक्या वर्षांत थेंबभरही सांडू दिला नाही. माझी भाची म्हणते, मावशी, तू मोबाइलवर दोन अंगठ्यांनी लिहितेस तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. पडू दे. बोटं अजून पळतात तोवर हे प्रकरण एका दमात लिहून काढते, नाहीतर मध्येच मला कोणाची तरी दया यायची आणि सगळं बिघडायचं.

आमचं गाव भोकरकडचं. मोठा दुष्काळ माझ्या लहानपणी होऊन गेला होता, शाळेत वाटलेली गोड सुकडी आठवते तेवढीच. पण आमच्याकडं मोठा गेला तरी धाकटे येत राहतात. मी सोळा-सतरा वर्षांची असताना असाच एक आला. मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली, आणि अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागलं. मी, माझी माय आणि माझा बाप, आबा, तिघंही. माझी माय डोक्यावर घागरीवर घागर घेऊन खडकाळ वाटेनं यायची तेव्हा तिची पाठ ओळंबा लावावा अशी सरळ असायची. पाण्याचा थेंब हिंदकळायचा नाही. तीच माय रिकाम्या हातानं माधवरावांच्या ओट्यासमोरून जायची तेव्हा खांदे पुढं, मान खाली, पदर पुढं, जणू तिथं हवेतच काहीतरी बुटकं दार होतं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं नाही. आमच्या आळीतले सगळेच त्या दारातून वाकून जायचे. आम्ही बौद्ध, विहारात जाऊन वंदना म्हणायचो, तिथं सगळे ताठ बसायचे. विहारातून निघून ओट्यापर्यंत यायला चाळीस पावलं. तेवढ्यात पाठ बदलायची.

माधवराव म्हणजे गावचे पोलीस पाटील. जमीन त्यांची, कामावर हजेरी घेणारा मुकादम त्यांचाच माणूस, आणि दुपारी लिंबाच्या सावलीत खाट टाकून बसणारेही तेच. मी त्या वर्षात एकदम उंच झाले होते. मायचं लुगडं मला घोट्याच्या वर यायचं. एका दुपारी मी घमेलं रिकामं केलं, कंबर भरून आली होती, म्हणून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं रेलले आणि उगाच आभाळाकडं बघितलं. एवढंच. खाटेवरून आवाज आला, "ए शिडे, कोणाला उंची दाखवून राहिली? वाक जरा." लोक हसले. हसणं म्हणजे तिथं एक प्रकारची हजेरीच असायची. मी वाकले नाही, कारण मला कळलंच नाही की हे मला म्हणून राहिले. आणि तेवढ्यात आबा मागून आला, त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. जोरात नाही. बैलाला जू घालताना दाबतात तेवढाच. तो स्वतःही हसत होता. "पोरगी हाय मालक, न्हाई कळत तिला," म्हणाला. मी वाकले.

पुढची तीन वर्षं मी वाकलेलीच राहिले. कोणी म्हणालं नाही की सुमे, तू पोक काढून चालतेस, कारण आमच्याकडं वाकून चालणाऱ्या पोरीला सगळे शहाणी म्हणतात. आबाला मी काही बोलले नाही. त्याचा राग करणं मला परवडलं नसतं, एकच बाप. सगळा राग मी खाटेकडं वळवला.

बारावी झाल्यावर मला लातूरला मावशीकडं पाठवलं, ते नव्या जिल्ह्यामुळं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि शहराला लगीनघाई लागली होती. रंगारी शिडीवर चढून पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहीत होते, कचेऱ्यांत जुन्या कागदांवर वरचं नाव पेनानं खोडून खाली नवं लिहीत होते, आणि जो तो म्हणत होता की आता कारकून लागणार, शिपाई लागणार, टायपिस्ट तर गाडीभर लागणार. मावसा तेलाच्या गिरणीत कामाला. खोली एकच, पण भिंतीपलीकडं गिरणीचा पट्टा दिवसभर फटक-फटक वाजायचा आणि करडईच्या पेंडीचा वास अंथरुणात मुरलेला असायचा. पाणी तिथंही नव्हतं. टँकर यायचा तेव्हा गल्लीतल्या बायका घागरींची रांग लावून आधी भांडून घ्यायच्या, मग पाणी भरायच्या. मावशी हुलग्याचं माडगं करायची, पातळ, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. खाताना नाक वाहायचं. मावशी म्हणायची, रड, रड, ठेच्याच्या नावाखाली रडून घे, कोणी विचारणार न्हाई.

टायपिंगची शाळा एका कपड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. बारा मशिनी, त्यातल्या नऊ चालू. मास्तरांचं नाव हमीद. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, निजामाच्या काळात उर्दू मशिनवर शिकलेले. त्यांची मराठी आमच्यासारखीच मोडकी, फक्त दुसऱ्या बाजूनं मोडलेली. पहिल्या आठवड्यात ते माझ्या मागं येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मला वाटलं, मी चांगलं टाइप करते. मग एक दिवस त्यांनी माझा कागद मशिनमधून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. जिथं जिथं पूर्णविराम होता तिथं तिथं भोक. अनुस्वारांच्या जागीही भोकं. कागदातून पलीकडच्या रसवंतीचा बोर्ड दिसत होता.

"क्या बेटी," मास्तर म्हणाले, "हे टायपिंग हाय का चाळणी?"

सगळी पोरं हसली. माझी मान आपोआप खाली गेली, आणि तेव्हा मास्तरांनी ते बघितलं. त्यांनी सगळ्यांना काम करा म्हणून दटावलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "बेटी, मी सरळ बस असं बोलणार नै. बोललो तर तू लकडी होशील, पाच मिनटात मोडशील. फक्त बघ, कुठं बसली तू?" मी म्हटलं, खुर्चीवर. ते म्हणाले, खुर्चीवर कुठं? मला प्रश्नच कळेना. मग त्यांनी एकेक करून विचारलं. दोन्ही तळवे जमिनीला लागले का? नव्हते, एक पाय दुसऱ्यावर चढवलेला. खाली खुर्चीला टेकणारी दोन हाडं आहेत, दोन्हींवर सारखं वजन आहे का? नव्हतं, सगळं डावीकडं. दाढा आवळल्यात का? आवळल्या होत्या, इतक्या की सोडल्यावर कानाजवळ दुखलं. श्वास कुठं अडकला? मानेच्या मागं, बरोब्बर आबानं दाबलं होतं तिथं. प्रत्येक वेळी ते बदल म्हणाले नाहीत, फक्त बघ म्हणाले. आणि गंमत अशी की बघितलं की ते आपलं आपण थोडं हलायचं. तळवे टेकले, हाडं जागेवर आली, आणि पाठ वर आली. मी आणली नाही. तिचं तीच आली.

आता यावर शहरांत शिबिरं भरतात, माहीत आहे मला, भाचीनं एकदा नेलं होतं. चटईवर झोपवून मंद आवाजात सांगतात, शरीरावर प्रेम करा. मी झोपल्या झोपल्या म्हटलं, बाई, मी तर शरीराला बदला घ्यायला लावला. कारण मास्तरांची युक्ती मी घरी घेऊन गेले ती माझ्या पद्धतीनं. टँकरच्या रांगेत उभी असले की बघायची, वजन कोणत्या पायावर? एकाच पायावर लटकलेली सापडले की मनात म्हणायची, माधवराव, आणि दोन्ही पायांवर यायची. भाकरी थापताना पाठीतून वाकायची सवय होती, ती सोडून खुब्यातून वाकायला शिकले, आणि प्रत्येक भाकरीला एक माधवराव. पुस्तक मांडीवर न ठेवता पत्र्याच्या पेटीवर ठेवलं. घागर काखेला लावली की त्या बाजूची कंबर बाहेर जाते, तर एक खेप उजवीकडं, एक डावीकडं. दिवसातून शंभर वेळा त्या माणसाचं नाव घेतलं असेल. त्याच्या बायकोनं घेतलं नसेल एवढं. मावशी विचारायची, ओठ हलवून काय पुटपुटून राहिली गं? मी म्हणायची, त्रिशरण. पाप लागलं असेल तर लागू दे.

भोकं मात्र पडतच होती. मास्तरांना मी शेवटी सगळं सांगितलं, खाट, शिडी, हात, सगळं. मला वाटलं ते म्हणतील माफ कर, सोडून दे. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "राग चांगला हाय, जागा चुकली. तो मनगटात ठेवला तर कागद फाटतो, दाढंत ठेवला तर दात जातात. पायात ने. पाय जमिनीवर हायेत, जमीन सगळं घेते." एवढा कामाचा सल्ला मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिला नाही. पंधरा दिवस लागले, पण राग उतरला खाली, पोटरीतून, घोट्यातून, तळव्यात. मनगटं हलकी झाली. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा मी एकही भोक न पाडता पास झाले.

मग नव्या कचेरीत टायपिस्ट घ्यायचे निघाले. अर्जाला गावच्या पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला लागत होता. मी आबाला पत्र टाकलं. आबा माधवरावांकडं तीन खेपा घालून, दोन दिवस त्यांचा कडबा रचून तो दाखला घेऊन आला, एसटीनं, टोपीच्या घडीत ठेवून. त्याला वाचता येत नव्हतं. कौतुकानं मावशीच्या हातात दिला, मावशीनं माझ्या. वर गोल शिक्का, खाली झोकदार सही, आणि मध्ये लिहिलं होतं की सदर मुलगी आमच्या गावची असून मी तिला लहानपणापासून ओळखतो. वर्तणूक: ताठ.

ताठ म्हणजे काय हे आमच्याकडं कोणाला सांगायला लागत नाही. ऊस ताठ असतो, सासू ताठ असते, आणि खालच्या आळीतलं माणूस ताठ असलं तर तो गुन्हा असतो. गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते आणि ओट्यासमोरून चालत गेले होते. नुसती चालले होते, दोन्ही तळव्यांवर. ते त्यांनी बघितलं होतं. मावशी तोंडात येईल ते बोलली, आणि तिच्या तोंडात बरंच येतं. आबा म्हणाला, काय झालं, वंगाळ लिहिलं का? मी सांगितलं. त्यानं टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली.

अर्जाला दाखल्याची टाइप केलेली नक्कलही जोडायची होती. मी शाळेत मशिनवर बसले आणि ताठच्या जागी नम्र टाइप केलं. दिसायला छान दिसत होतं. मास्तर मागं उभे होते. ते म्हणाले, मूळ कागद मागतील तेव्हा काय दाखवशील? मी तो कागद ओढून काढला, चुरगाळला, दुसरा लावला, आणि जसं होतं तसं टाइप केलं. ताठ. दोन अक्षरं. एकही भोक नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. त्या कचेरीतले चिटणीस साहेब म्हणजे टक्कल, कानात केस, आणि पानाचा तोबरा. त्यांनी माझे कागद चाळले आणि दाखल्यावर थांबले. एकदा चष्म्यातून वाचलं, एकदा चष्म्यावरून.

"ही काय भानगड आहे?"

मी उभी होते. बघितलं, वजन कुठं? दोन्ही पायांवर. दाढा? सुट्या. मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार साहेब. ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा."

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. मग त्यांना त्यातली मजा वाटली असावी, किंवा उन्हाळा होता आणि करमत नव्हतं. म्हणाले, बस मशिनवर, तुझी परीक्षा हीच. आणि पत्र सांगायला लागले. आपण दिलेल्या दाखल्यात वर्तणूक: ताठ असा शेरा आहे. सदर शब्दाचा या कार्यालयास बोध होत नाही. तरी ताठ म्हणजे नेमके काय, याचा लेखी खुलासा पत्र मिळताच आठ दिवसांत करावा. मी टाइप करत होते आणि आतून माझं हसू की रडू काय ते वर येत होतं, ते मी खाली पायात ढकलत होते. खुर्चीचा एक पाय आखूड होता, तरी मी डुगडुगले नाही. खाली सहीची जागा सोडली, आणि मग साहेबांनी न सांगता आणखी एक ओळ टाइप केली: प्रत, माननीय तहसीलदार, भोकर, यांना माहितीसाठी.

साहेबांनी कागद वाचला. "हे मी बोललो नव्हतो."

"साहेब, पत्र दुसऱ्या जिल्ह्यात चाललंय. तिथल्या तहसीलदारांना न कळवता कसं पाठवायचं?"

मला वाटलं, गेली नोकरी. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली. म्हणाले, खुलासा बरा आला तर लगेच कामावर या, वाईट आला तर तोंड दाखवू नका. म्हणजे माझी नोकरी आता माधवरावांच्या पेनात होती, आणि माधवरावांचं पेन तहसीलदारांच्या टेबलावर.

तीन आठवडे काही आलं नाही. आबा आला. गावातली बातमी त्यानं मान वर न करता सांगितली. तहसीलातून बोलावणं आलं होतं, माधवराव धोतर बदलून भोकरला गेले, तिथं त्यांना बाकावर बसवून ठेवलं, मग टेबलासमोर उभं केलं, आणि सगळ्या कारकुनांच्या देखत विचारलं की पाटील, ताठ म्हणजे काय ते लिहून द्या. परत आल्यावर त्यांनी शाळेच्या गुरुजींना बोलावलं, ग्रामसेवकाला बोलावलं, चार जणांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले. आबा हसला नाही. त्या हंगामात माधवरावांनी त्याला बांधावर पाय ठेवू दिला नाही, तो अर्धापूरकडं निघाला होता, तिथं कालव्याचं पाणी होतं आणि केळीचे घड वाहायला माणसं लागत होती. जाताना दारात थांबून म्हणाला, "तुझी पाठ सरळ झाली सुमे. माझी आता दुसऱ्याच्या केळीखाली जाईल." पण ती ओळ टाइप केल्याचा पस्तावा झाला का, तर नाही झाला. खोटं कशाला लिहू.

खुलासा आला तो एका सोमवारी. चिटणीस साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. त्याच झोकदार अक्षरात लिहिलं होतं: ताठ म्हणजे पाठीने सरळ. सदर मुलगी चालताना, बसताना व उभी असताना पाठीने सरळ असते. तिच्या वर्तणुकीबद्दल माझी काही तक्रार नाही. यापुढे दाखल्यात असा शब्द वापरणार नाही. साहेब पान थुंकायला खिडकीकडं गेले. तिथूनच म्हणाले, जा, बसा मशिनवर, आणि पहिलं काम हेच करा, खुलाशाच्या नकला काढा, एक तुमच्या फायलीला, एक आवक रजिस्टरला.

मी तीन काढल्या. मध्ये दोन कार्बन घालून, सावकाश, तळवे टेकून. तिसरी एका सरकारी पाकिटात घातली, वर माधवरावांचं नाव आणि गाव टाइप केलं, आणि सोबत एक ओळ जोडली की आपल्या खुलाशाची नक्कल आपणांस पाठवत आहोत, वाचून पोच द्यावी. अशी नक्कल पाठवायचा काही नियम नव्हता. साहेबांनी सह्यांच्या गठ्ठ्यात ती वाचली की नाही मला माहीत नाही, पण सही झाली.

बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. नक्कल मिळाली, वाचली. खाली सही, शिक्का. सही या वेळी झोकदार नव्हती.